जाळीपलीकडचा धाकटा

जा की बाई. मी कुठे नको म्हणतोय? सरकारी ग्रंथालय ते, वाघाची गुहा नव्हे. कॉलेजने विषय दिलाय 'बोटीने आलेली माणसं', तर त्याचा माल तिथेच मिळणार. आपल्या शहरातलं कुठलंही घर उकरा, खाली एक बोट निघते. कुणाचा आजा आला, कुणाची पणजी आली. सरकारने ते सगळं जपून ठेवलंय. फोटो, याद्या, माणसांचे आवाजसुद्धा. आणि तिथल्या ग्रंथपाल बाई फार चांगल्या आहेत. मामाने पाठवलंय म्हणून सांग... नको, नको सांगू. माझ्याकडे त्यांचं एक पुस्तक राहिलंय.

हसा, हसा.

एकच सांगतो. आवाज ऐकायची खोली तळघरात आहे. तिथे दिवसाउजेडी बस. संध्याकाळ झाली की सरळ वर ये.

का म्हणजे? झोपायच्या वेळेला विचारतेस होय! तुझा भाऊ बघ, आत्ताच पाय वर घेऊन बसला. आणि मला घाबरट म्हणतो.

बरं. गच्चीवरचा तो दिवा घालव, डोळ्यांवर येतो. सांगतो. पण मध्ये कोणी बोलायचं नाही.

माझा हा चष्मा ज्याने केला, त्याची ही गोष्ट. तुम्ही पाहिलंय त्याला. बाजाराच्या कोपऱ्यावर दुकान आहे, उंच, जरासा वाकलेला. बोलताना तुमच्या डोळ्यांत नाही बघत, डोळ्यांकडे बघतो. धंद्याची सवय. शाळेपासूनचा माझा दोस्त. हे त्याने मला स्वतः सांगितलं, एकदाच. पुन्हा विषय काढला तर उठून जातो.

दुकान त्याच्या आजोबांनी काढलेलं. आजोबा तरुणपणी बोटीने आले, एका पेटीनिशी, एकटे. आधी दुसऱ्याच्या दुकानात भिंगं पुसली, मग स्वतःचं दुकान थाटलं. ज्याच्याकडे पैसे नसतील त्याला फुकट चष्मा. अजूनही रस्त्यात एखादी म्हातारी चष्मेवाल्याला थांबवते आणि म्हणते, "तुझ्या आजोबांनी माझ्या आईला जग दाखवलं रे." असा देवमाणूस. दुकानात शिरलं की समोरच त्यांचा फोटो.

आणि त्या घरात एक शिवी होती. दुसऱ्या कुठल्याच घरात ती शिवी नसेल. 'धाकटा'. पोरगं खोटं बोललं की, "धाकट्यावर गेलास का?" कोणी शब्द फिरवला की, "शेवटी धाकटाच निघाला." हा धाकटा म्हणजे आजोबांचा सख्खा पाठचा भाऊ. त्याने म्हणे मायदेशी केसाने गळा कापला. वडिलांची जमीन गिळली, थोरल्याला नेसत्या कपड्यांनिशी बाहेर काढलं, म्हणून आजोबांना बोट धरावी लागली. तीन पिढ्या ही गोष्ट त्या घरात ताटात भाकरी वाढावी तशी वाढली गेली. आणि आजोबांनी नियमच घालून दिला: दुकानाची किल्ली थोरल्याकडे. धाकट्याच्या हाती कधीही नाही.

आता आमच्या चष्मेवाल्यालाही एक पाठचा भाऊ आहे. हात असा, की भिंग घासायला बसला की बघत राहावं. पण धाकटा पडला ना! एकदा भिंगं घासायच्या यंत्राचं चाक नाहीसं झालं. महागाची वस्तू. घरात कोणी काही बोललं नाही. नुसते सगळे त्याच्याकडे बघायला लागले. वडील ताटावरून न उठता म्हणाले, "रक्त बोलतं." बस. त्याच रात्री तो बायकोला घेऊन निघून गेला. पुढच्या गावाला पाण्याचे पंप दुरुस्त करायला लागला.

चाक पुढे सापडलं. यंत्र दुरुस्त करणारा माणूस धार लावायला घेऊन गेला होता, वडिलांना सांगून. म्हाताऱ्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. मी चष्मेवाल्याला म्हटलं, अरे, भावाला कळव ना. तो म्हणाला, "कळवतो." आणि थोड्या दिवसांनी म्हणाला, "आता गेलाच आहे तर राहू दे."

दुकान तोवर अख्खं त्याचं झालं होतं.

तर, गेल्याच्या गेल्या वर्षी वडील वारले. दुकान रंगवायला काढलं होतं. चष्मेवाल्याच्या मनात आलं की आजोबांचा बोटीतून उतरतानाचा फोटो मिळाला तर मोठा करून लावावा. म्हणून तो ग्रंथालयात गेला. नोव्हेंबरचा शेवटचा मंगळवार. मंगळवारी ते रात्री आठपर्यंत उघडं असतं. दुपारचं गिऱ्हाईक आटोपून, केस विंचरून, आजोबांना भेटायलाच निघाल्यासारखा गेला बिचारा.

तिथली पद्धत उद्या तुलाही कळेल. पिशवी बाहेर कपाटात. पेन चालत नाही, शिसपेन्सिल. जुन्या फोटोंना हात लावायचा तर सुती मोजे देतात. ग्रंथपाल बाईंनी वर्ष विचारलं, बोटीचं नाव विचारलं, आणि एक सपाट पेटी आणून दिली. गोदीवर एक लांबलचक शेड होती. उतरलेली माणसं तिथे तपासायची आणि मग शहरात सोडायची. त्या शेडमधले ते फोटो. बाकांवर माणसं, पेट्या, गाठोडी. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव: आपल्याला घेतील ना?

आजोबा सापडले. त्या घरचं लांब नाक लपतंय थोडंच! रांगेत उभे. पण एकटे नव्हते. त्यांचा हात धरून एक पोरगेलासा माणूस उभा होता. आंधळा दुसऱ्याचा हात धरतो तसा, घट्ट, दोन्ही हातांनी. डोळे जवळजवळ मिटलेले.

"कोणी बोटीवरचा सोबती असेल," चष्मेवाला म्हणाला.

बाई वाकून बघत होत्या. "सोबती? नाक तर तुमच्याच घरचं दिसतंय हो."

तो हसला. पण तेव्हाच कुठेतरी खुट्ट झालं, असं तो मला म्हणाला.

मग बाईंनी विचारलं, "तुमचे वडील आहेत?"

"नाही. यंदा गेले."

"मग एक गोष्ट आहे. आमच्या खात्याने पूर्वी घरोघरी जाऊन बोटीने आलेल्या म्हाताऱ्यांचे आवाज भरून घेतले होते. तुमच्या आजोबांचाही आहे. त्यांनी अट घातली होती, मुलगा हयात असेपर्यंत कोणालाही ऐकवायचा नाही. आता तुम्हाला ऐकता येईल."

आजोबांचा आवाज! त्याला वाटलं, म्हातारा लाजाळू होता, मुलाचं कौतुक केलं असेल, म्हणून अट. आनंदाने तो त्यांच्यामागे जिना उतरला.

खोली लहानच. खिडकी नाही. टेबल, दोन खुर्च्या, टेपचं यंत्र, आणि भिंतीला दोन खुंट्यांवर दोन हेडफोन. बाईंनी टेप लावून दिली, बटणं दाखवली. "वर काउंटरला कोणी नाही, मी जाते. संपलं की या."

तो एकटाच होता. हेडफोन घ्यायला वळला, परत बसला, तर शेजारच्या खुर्चीत एक माणूस.

बाईंच्या मागोमाग आला असेल. वाचक असेल. जाड जुना कोट, कॉलर वर केलेली. मान खाली. एका चिंधीने डोळे टिपत होता. टिपायचा, थांबायचा, परत टिपायचा.

"काय ऐकताय?" त्याने विचारलं.

"आजोबांचा आवाज आहे."

"मलाही ऐकू द्या ना. मला वाचता येत नाही आता. ऐकता येतं."

चष्मेवाल्याला दया आली. त्याने दुसरा हेडफोन काढून त्याच्या हातात दिला. देताना डोळे दिसले. सवयच ना बघायची. पापण्या सुजून जाड झालेल्या. केस आत वळून बुबुळावर घासतायत. कडांना पिवळं साचलेलं. खुपऱ्या म्हणतात त्याला. याने पुस्तकात पाहिल्या होत्या, उभ्या जन्मात माणसाच्या डोळ्यात पाहिल्या नव्हत्या. आपल्याकडे कुठे राहिल्यात आता?

"अहो, हे दाखवलंत का कुठे?"

"दाखवलं. त्यांनी पापणी उलटून बघितली."

"मग?"

"मग बाजूला बसा म्हणाले."

"कधी?"

माणसाने डोळे टिपले. "बसलोय," म्हणाला.

चष्मेवाल्याला ते नीट कळलं नाही. त्याने बटण दाबलं.

आधी खरखर. मग एका तरुण मुलीचा आवाज, प्रश्न विचारणारी. आणि मग आजोबा. तोच घसा साफ करायचा ढंग. चष्मेवाल्याचे डोळे भरून आले. आजोबा गावाबद्दल बोलले, विहिरीबद्दल, बोटीवरच्या उलट्यांबद्दल. ती मुलगी हसली. मग तिने सहज विचारलं, "तुम्ही एकटेच आलात?"

टेप नुसती फिरत राहिली.

"बाई, हे आत्ता कोणी ऐकणार नाही ना?"

"तुम्ही अट घातली आहे, आजोबा."

"मग सांगतो. एकटा नाही आलो. धाकटा होता माझ्याबरोबर."

चष्मेवाला ताठ झाला.

"जमीन आम्ही दोघांनी मिळून विकली. त्याला यायचं नव्हतं. मीच म्हटलं, चल, तिथे सोनं पिकतं. बोटीवर त्याचे डोळे आले. उतरेपर्यंत दिसेनासं झालं. शेडमध्ये डॉक्टर होता, पापणी उलटून बघायचा. डोळे खराब असले की परत. आणि ज्याला दिसत नाही त्याला एकट्याला परत पाठवत नसत. सोबत असेल त्यानेही परत जायचं, असा कायदा होता. धाकट्याला त्यांनी बाजूला बसवलं. जाळीच्या पलीकडे. मग साहेबाने मला विचारलं, हा तुझा कोण?"

शेजारचा माणूस पुढे झुकला. हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून.

"मी म्हटलं, कोणी नाही. बोटीवर ओळख झाली."

टेपवर मुलीने पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज.

"त्याने ऐकलं. जाळी चार हातांवर होती. दादा, म्हणाला. मी वळलो नाही. त्याला दिसत नव्हतं ना, बाई. त्याला वाटलं, मला ऐकू गेलं नाही. म्हणून तो मोठ्याने ओरडला. दादा... मग आणखी मोठ्याने. मी पेटी उचलली. दारातून बाहेर आलो तरी ऐकू येत होतं. त्याला शेवटपर्यंत वाटत होतं की मला ऐकू येत नाही."

"नंतर?"

"परतीच्या बोटीत चढवला म्हणतात. तिकडच्या बंदरात उतरला नाही."

"घरी काय सांगितलंत?"

"सांगितलं, त्याने जमीन गिळली. मला हाकललं." आजोबा हसल्यासारखं काहीतरी झालं. "चोर म्हटलं ना, की त्याची चौकशी कोणी करत नाही."

बघा, पोरांनो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. ज्या माणसाला तो देव समजत होता, ज्याच्या फोटोला नमस्कार केल्याशिवाय दुकान उघडत नव्हता... चष्मेवाला मला म्हणाला, "मला रडू आलं नाही रे. मला वाटलं, माझ्याच खिशात कोणी हात घातला. लहानपणापासूनचं सगळं काढून नेलं."

टेपवर मुलीने शेवटचा प्रश्न विचारला. "तुमच्या भावाचं नाव काय होतं?"

खरखर.

खुर्ची करकरली.

खरखर...

"बंद करा ते," आजोबा म्हणाले. आणि टेप संपली.

चष्मेवाल्याला मान वळवायची नव्हती. समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. त्याला आता कळायला लागलं होतं. पापणी उलटून बघितली. बाजूला बसा म्हणाले. बसलोय.

शेजारून आवाज आला. अगदी हळू.

"घेतलं का?"

"क... काय?"

"माझं नाव. घेतलं का त्याने? मला शेवटचं नीट ऐकू आलं नाही."

चष्मेवाला काय सांगणार? माणूस वाट बघत होता. तोंड अर्धवट उघडं. लहान मूल वाट बघतं तसा.

"हो," चष्मेवाला म्हणाला. "घेतलं."

"घेतलं?"

"हो."

"काय घेतलं? सांगा ना. कोणीच म्हटलं नाही, मीही विसरत चाललोय. एकदा म्हणून दाखवा."

आणि याला माहीत नव्हतं.

कुणालाच माहीत नव्हतं. आजीला नाही, वडिलांना नाही. घरात त्याला नाव नव्हतंच. नुसता धाकटा. नुसती शिवी.

माणसाचं तोंड हळूहळू मिटलं.

मग एक हात पुढे आला. गार. याच्या कपाळावर टेकला. बोटं खाली सरकली. भुवया. नाक. नाकावर थांबली. पुन्हा वरून खाली नाक चाचपलं.

"तू कोण?"

चष्मेवाल्याने मान मागे घेतली. बोटं मागोमाग आली.

"तू माझा कोण?"

आणि याच्या तोंडून निघालं... तो शपथेवर सांगतो, त्याने म्हटलं नाही, ते निघालं...

"कोणी नाही."

बोटं थांबली.

"कोणी नाही," हा पुन्हा म्हणाला. "मी तुमचा कोणी नाही."

मग हात मागे गेला. माणसाने मान हलवली. सावकाश. पाठ असलेलं उत्तर बरोबर आलं की मास्तर हलवतात तशी.

"असंच," तो म्हणाला. "अगदी असंच म्हणाला होता. आवाजही तोच."

...

काय रे, पाणी हवंय का तुला? नको? मग बस असा जवळ. भिंतीला टेकून बस.

बाई खाली आल्या तेव्हा चष्मेवाला टेबलावर डोकं टेकून बसलेला. "आठ वाजत आले," त्या म्हणाल्या. "कोणाशी बोलत होतात?" शेजारची खुर्ची रिकामी. टेबलावर दुसरा हेडफोन पडलेला. बाईंनी तो उचलून खुंटीला लावला. म्हणाल्या, "हा कशाला काढलात? याची वायर तुटलेली आहे. कधीपासून दुरुस्तीला टाकायचाय." आणि वायर वर धरून दाखवली. पुढचं टोकच नव्हतं.

तो बाहेर आला, गाडीत बसला. घरी नाही गेला. घराच्या उलट दिशेला निघाला. इतकी वर्षं ज्या रस्त्याला गाडी वळली नव्हती, त्या रस्त्याला. आरशात बघितलं नाही म्हणाला एकदाही.

भावाचं घर गावाच्या टोकाला. ओट्यावर पंप उघडून ठेवलेले. दार भावानेच उघडलं. हाताला ग्रीस, केस पिकलेले. दोघं एकमेकांकडे बघत उभे. आत ये म्हणाला नाही. याने दारातच सगळं सांगितलं. फोटो, टेप, जाळी, तळघरातला माणूस. आणि सगळ्यात शेवटी, ज्यासाठी आला होता ते.

"ते चाक मिळालं होतं. कधीच मिळालं होतं. तू घेतलं नव्हतंस."

"माहीत आहे," भाऊ म्हणाला.

"मला... म्हणजे मी कळवायला हवं होतं, पण..."

"मला माहीत आहे की ते मिळालं होतं. तो यंत्रवाला माझ्याकडे पंप घेऊन आला होता. बोलता बोलता बोलून गेला." भाऊ चिंधीने हात पुसत होता. "मला वाटलं, आता दादा येईल. बायकोला म्हटलं, चार माणसांचं जेवण करत जा काही दिवस. तिने केलं. मग एक दिवस मीच म्हटलं, पुरे."

चष्मेवाला त्याच्या पायांशी वाकायला गेला. थोरला भाऊ, बरं का. भावाने त्याला धरलं.

"वाकू नकोस. आजोबांनी त्याला चोर केलं, कारण त्यांना इथे यायचं होतं. तू मला चोर ठेवलंस, कारण तुला दुकान हवं होतं. त्यांच्या निदान पोटात भीती होती. तुला कसली होती?"

भावजय मागे येऊन उभी होती. ती म्हणाली, "आता आलेत तर आत घ्या. अंगाला थरथर सुटलीय त्यांच्या." मग भाऊ बाजूला झाला. ताट वाढलं. अंथरूण घातलं. पण तो पुढे एक शब्दही बोलला नाही. सकाळी चष्मेवाला उठला तेव्हा भाऊ कामाला निघून गेलेला.

पुढे काय झालं विचाराल. चष्मेवाल्याने सगळे नातेवाईक बोलावले. चाकाचं सांगितलं, टेपचं सांगितलं, स्वतःचंही सांगितलं. आत्या उठली आणि भर लोकांत त्याच्या थोबाडीत मारली. म्हणाली, देवमाणसावर चिखल उडवतोस? अर्धं घर त्या दिवसापासून दुकानाची पायरी चढत नाही. त्याने आजोबांचा फोटो उतरवला. तिथे दुसरा लावणार होता, दोघांचा, हात धरलेला. तो मात्र त्याच्याने लावला गेला नाही.

अर्धं दुकान भावाच्या नावावर करायला गेला. भाऊ म्हणाला, नको. हल्ली कधीमधी येतो, दुकानात बसतो, चहा पितो, यंत्राला हात लावत नाही. दोघं हवापाण्याचं बोलतात. हा त्याच्यासाठी खुर्ची पुसून ठेवतो. एवढंच. काही गोष्टी तुटल्या की चिकटतात, पण त्यात पाणी राहत नाही.

आणि नाव? ग्रंथपाल बाईंनी जंग जंग पछाडलं. परत पाठवलेल्यांची नावं कोणी ठेवलीच नव्हती. 'डोळे' एवढंच लिहून माणसं मोजलेली. नाव नाही मिळालं.

नाही गं, संपली नाही. एक राहिलं.

भावाच्या घरून निघाला, ती सकाळ. बुधवार. घरी न जाता तो सरळ दुकानावर आला. दुकानाला एकच दार, एकच कुलूप, आणि किल्ली रात्रभर त्याच्या खिशात. कुलूप जसंच्या तसं. शटर वर केलं. काउंटर ठीक. काचा ठीक. आतल्या बाजूला पडदा लावून डोळे तपासायची जागा आहे. तिथे गेला.

तपासताना नाकावर ती लोखंडी चौकट ठेवतात ना, एकेक भिंग घालतात, काढतात, "आता दिसतं का? आता?" विचारतात, ती. ती नेहमी खणात असते. भिंगांची पेटी बंद असते.

पेटी उघडी होती. सगळी भिंगं बाहेर. टेबलावर, जमिनीवर, कपाटाच्या फळीवर. कोणीतरी एकेक लावून बघितलं होतं आणि बाजूला ठेवलं होतं. आधी हलकी, मग जाड, मग त्याहून जाड.

चौकट खुर्चीवर होती. तिच्यात पेटीतली सगळ्यात जाड दोन भिंगं.

त्याने ती उचलली.

लोखंड गार होतं... पण भिंगं आतल्या बाजूने ओली होती.